एक शहर, पाच लिप्या

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये माझी कॉलेजातली एक मैत्रीण राहते. काही वर्षांपूर्वी त्यांची इमारत रिकामी करायची वेळ आली, म्हणून माळ्यावरचं सामान उतरवायला मी गेले होते. एका पत्र्याच्या पेटीत, जुन्या स्वेटरांच्या खाली, सुतळीने बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा निघाला. सगळी कार्डं तिच्या पणजोबांना आलेली. फाळणीनंतरच्या चारपाच वर्षांतली. शाई तपकिरी पडलेली, पण अक्षर घोटीव.

घरात त्या वेळी तीन पिढ्या हजर होत्या. मैत्रिणीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्याकडे दिलं. जणू मराठी माणसाला सगळंच वाचता येतं! मग तिचे बाबा चष्मा शोधून आले, त्यांनीही मान हलवली. शेवटी कार्ड दादींच्या हातात गेलं. दादी सिंधमध्ये जन्मलेल्या, म्हणून सगळ्यांना वाटलं, आता उलगडा होणार. दादींनी कार्डावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही तर अरबी. मला कुठे येते?"

सिंधमध्ये जन्मलेल्या बाईला सिंधी वाचता येत नाही, हे मला तेव्हा पटेना. नंतर कळलं की त्यात आश्चर्य काहीच नव्हतं. दादी वाचायच्या, पण गुरुमुखीत. सिंधी हिंदूंच्या टिकाण्यांमध्ये गुरुग्रंथसाहेब असतो. मुलींना पाठ वाचता यावा म्हणून अनेक घरांत त्यांना गुरुमुखी शिकवत, मुलगे शाळेत अरबी वळणाची सिंधी शिकत. बाबा हिंदी माध्यमात शिकलेले, त्यांना देवनागरी येते. मैत्रीण इंग्रजी माध्यमातली, ती तिच्या भावंडांशी व्हॉट्सॲपवर सिंधीत बोलते, पण रोमन अक्षरांत. त्याच पेटीत पणजोबांची लाल कापडी बांधणीची हिशेबाची वहीही निघाली. ती पाचव्याच लिपीत होती. तिला हटवाणिका म्हणतात, हाटात म्हणजे बाजारात चालणारी वाण्यांची लिपी. ती वाचणारं त्या गल्लीत कुणी उरलेलं नव्हतं.

म्हणजे एक घर, एक भाषा आणि पाच लिप्या. त्यात एकमेकांचं लिहिलेलं वाचता येईल अशी जोडी मिळणं मुश्कील.

*

उल्हासनगरबद्दल लोकांना दोनच गोष्टी माहीत असतात. एक ‘मेड इन यूएसए’चा विनोद, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. दुसरी स्वस्त जीन्स. मी अंबरनाथची. आमच्या लहानपणी कुठलीही वस्तू दोन दिवसांत मोडली की ‘उल्हासनगरची दिसते’ असं म्हणायची पद्धत होती. आता त्या विनोदाचा राग येतो. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी हाती लागेल ते करून पोट भरलं, आणि आपण त्यांच्या पोटापाण्याचीच टिंगल केली.

या शहराचा इतिहास वाचायचा तर पुस्तकाआधी पत्ते वाचावेत. इथे पाच मजली इमारतीच्या पत्त्यातही अजून ‘बॅरेक नंबर’ असतो. बॅरेक कधीच पडली, नंबर शिल्लक आहे. ‘17 सेक्शन’ आहे, ‘मराठा सेक्शन’ आहे, ‘पंजाबी कॉलनी’ आहे, ‘कुर्ला कॅम्प’ आहे. एका वस्तीचं नाव ‘फॉलोअर लाईन’ आहे. इन्स्टाग्रामच्या जमान्यात हे नाव ऐकून हसू येतं, पण हा शब्द लष्करातला. पलटणीबरोबर असणारे आचारी, धोबी, भिश्ती, मेहतर यांना ‘फॉलोअर’ म्हणत.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ प्रचंड लष्करी छावणी उभारली, कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. सैनिकांनी इथे थांबायचं आणि पुढच्या आघाडीवर जायचं. दोन हजारांवर बराकी होत्या. पण ही जमीन मोकळी पडलेली नव्हती. शहाड, म्हारळ, आशेळे, माणेरे ही गावं आसपास होती, भातशेती होती, आगरी बोली बोलणारी माणसं होती. युद्धासाठी घेतलेल्या जमिनी परत मिळाव्यात हे भांडण अजून मिटलेलं नाही. जवळच्या नेवाळीत विमानतळासाठी गेलेल्या जमिनीवरून 2017 च्या जूनमध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, गाड्या जळल्या. उल्हासनगरच्या गोष्टीत या लोकांना सहसा जागा मिळत नाही. सिंधी लोक आले तेव्हा इथे ‘जंगल होतं’ असं सांगतात. जंगल नव्हतं, आधीच एकदा उठवलेली माणसं शेजारी राहत होती.

युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या. तेवढ्यात फाळणी झाली.

पंजाब आणि बंगाल दुभंगले, त्यांचा एकेक तुकडा भारतात राहिला. सिंधचं तसं झालं नाही. अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत दंगल उसळली आणि तोवर ‘जाऊ की राहू’ करणारे हिंदू सिंधी बंदराकडे निघाले. बोटी मुंबईला लागत. तिथून गाडीने कल्याण. पाच कॅम्प मिळून एक लाखाच्या आसपास लोक इथे आले. एका बराकीत अनेक कुटुंबं, मधे गोणपाटाचे पडदे. दादी सांगतात की पडद्यापलीकडच्या घरात काय शिजतंय हे वासावरून कळायचं आणि कोण रडतंय हे आवाजावरून. कुणी विचारायचं नाही. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिला नाव मिळालं. छावणीचं नगर झालं. लोक मात्र आजही ‘कॅम्पात राहतो’ असंच म्हणतात.

*

‘सिंधी इथे परके म्हणून आले’ असं आपण धरून चालतो. पण 1847 पासून 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराची आणि ठाणे एकाच गव्हर्नरच्या अमलाखाली. कराचीच्या कॉलेजातली मुलं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. सिंधमध्ये नोकरीला गेलेल्या मराठी कारकुनांची, मास्तरांची, इंजिनिअरांची सवयच होती त्या प्रांताला.

आणि ही लिप्यांची भानगडही त्याच काळातली. इंग्रजांनी 1843 मध्ये सिंध जिंकला. कारभार चालवायचा तर लोकांची भाषा कुठल्या अक्षरांत लिहायची हा प्रश्न आला. कॅप्टन जॉर्ज स्टॅक नावाचा अधिकारी देवनागरीच्या बाजूचा. त्याने 1849 मध्ये सिंधीचं व्याकरण आणि कोश देवनागरीत छापून घेतले. रिचर्ड बर्टन, तोच तो पुढे जगभर भटकलेला, अरबी वळणाच्या बाजूचा. 1853 मध्ये अरबी वळणाची 52 अक्षरी लिपी ठरली. सिंधीतले जे आवाज अरबीत नव्हते, त्यांच्यासाठी जुन्या अक्षरांवर-खाली टिंबं वाढवली, एक, दोन, तीन, चार. ही टिंबं लक्षात ठेवा, त्यांचं काम शेवटी आहे.

लिपी ठरली, तरी हिंदू व्यापारी आपल्या वह्या हटवाणिकेतच लिहीत राहिले. तेव्हा सरकारला वाटलं, मग तीच लिपी नीटनेटकी करून शाळेत का शिकवू नये? 1868 मध्ये हे काम ज्याच्याकडे आलं तो सिंधचा उपशिक्षण निरीक्षक होता आणि त्याचं नाव होतं नारायण जगन्नाथ वैद्य. मराठी माणूस! बाजारातल्या लिपीत काना-मात्रा नीट नसत. ‘लिहिणाराही दुसऱ्या दिवशी वाचू शकत नाही’ असली थट्टा आपल्याकडे मोडीबद्दलही करतात. वैद्यांनी तिला स्वर दिले, वळण लावलं. मोडी आणि देवनागरी दोन्ही वापरणाऱ्या माणसाला हे काम सुचावं यात मला नवल वाटत नाही. पण ती लिपी फार तग धरू शकली नाही. नोकरी आणि दरबार अरबी लिपीत होते, आणि पोरं नोकरीच्या लिपीत शिकतात. कराचीतली एक मोठी जुनी शाळा मात्र आजही वैद्यांच्याच नावाने ओळखली जाते, एन.जे.व्ही. स्कूल.

उल्हासनगरात मी बऱ्याच जणांना विचारलं. वैद्यांचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. अर्थात मराठी लोकांनीही नव्हतंच.

*

बराकीत संसार मांडून झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच पुन्हा तोच शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न समोर आला. मुलांना सिंधी शिकवायची कुठल्या अक्षरांत? जयरामदास दौलतराम यांच्यासारखे नेते म्हणाले, आता भारतात राहायचं आहे, देवनागरी घ्या, मुलांना हिंदीही सोपी जाईल. दुसऱ्या बाजूचे लेखक म्हणाले, आमचं शंभर वर्षांचं साहित्य अरबी लिपीत आहे. शाह अब्दुल लतीफ त्याच अक्षरांत वाचत आलो. जमीन गेली, घर गेलं, आता अक्षरंही सोडू? सरकारने आधी देवनागरीचा निर्णय घेतला, विरोध झाल्यावर दोन्ही लिप्यांना मुभा दिली.

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं, आणि हीच अडचण होती. इतिहासात असं झालं की सहसा दोघेही हरतात. काही शाळांत अरबी, काही शाळांत देवनागरी. एकीकडची पुस्तकं दुसरीकडच्या मुलाला वाचता येत नाहीत. आधीच लहान असलेला वाचकवर्ग अर्धा झाला. आईबापांनी तिसरीच वाट धरली आणि मुलांना हिंदी, मग इंग्रजी माध्यमात घातलं. निर्वासित माणूस मुलाला आधी पोटाची भाषा शिकवणार. त्याला दोष कोण देणार?

10 एप्रिल 1967 ला सिंधीचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. त्या दिवशी चेटीचंड होता. आपल्या पाडव्याच्या सुमारास येणारा सिंध्यांचा वर्षारंभ, झुलेलालचा दिवस. कॅम्पात मिठाई वाटली गेली, असं दादींना आठवतं. म्हणजे मान मिळाला. पण भाषावार प्रांतरचनेच्या देशात प्रांत नसलेल्या भाषेला एसटीची पाटी मिळत नाही, सरकारी अर्ज मिळत नाही, आकाशकंदिलावर छापलेली शुभेच्छाही मिळत नाही. 2011 च्या जनगणनेत सिंधी मातृभाषा सांगणारे 27 लाख 72 हजार होते, तेही कच्छी बोलणारे धरून. देशभर विखुरलेले.

*

आता या शहरातलं बाकीचं जग. 13 चौरस किलोमीटरात 2011 साली 5 लाख 6 हजार माणसं होती, त्यामुळे कुणालाच आपापल्या कोपऱ्यात राहणं परवडत नाही. पन्नासच्या दशकात शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आला आणि त्यापाठोपाठ घाटावरचे, कोकणातले, खानदेशातले कामगार. कारखान्याच्या परिसरात बिर्लांनी विठ्ठलाचं मंदिर बांधलं, आषाढीला तिथे लागणाऱ्या रांगेत मराठी आणि सिंधी बायका पुढेमागे उभ्या असतात. सुभाष टेकडीसारख्या आंबेडकरी वस्त्या आहेत, चौदा एप्रिलला तिथली मिरवणूक पाहण्यासारखी असते. जीन्सच्या कारखान्यांनी उत्तर प्रदेश आणि बिहारमधून कारागीर आणले. त्याच कारखान्यांच्या धुलाईने वालधुनी नदी निळी केली, हेही सांगायला हवं.

हे सगळे एकमेकांशी बोलतात ती भाषा हिंदी. मुंबईची घडवलेली, व्याकरणाची फारशी फिकीर नसलेली हिंदी. सिंधी दुकानदार भाव हिंदीत सांगतो, घासाघीस ओळखीच्या मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत करतो आणि आतल्या पोराला ‘किती सोडायचं’ ते सिंधीत सांगतो. माझ्या आईने कापडबाजारात पस्तीस वर्षं खरेदी करून ते आतलं सिंधी शिकून घेतलं होतं. दुकानदाराला कधी कळू दिलं नाही.

मला स्वतःला सिंधी पहिल्यांदा ऐकताना एका शब्दाने पकडलं. हिंदीत ‘है’, गुजरातीत ‘छे’, पण सिंधीत ‘आहे’. अगदी आपलं ‘आहे’. ‘छा आहे?’ म्हणजे काय आहे? ‘घर में केर आहे?’ म्हणजे घरात कोण आहे? मधे अख्खा गुजरात पसरलेला आणि त्याच्या दोन टोकांना हा एकच शब्द! सिंधीत शब्द संपताना हलकासा स्वर येतो, ‘घरु’, ‘नकु’. आपल्या जुन्या मराठीतही तो उकार होता, ज्ञानेश्वरी चाळणाऱ्याला तो भेटतोच. आपण तो वाटेत टाकला, त्यांनी बोटीतून बरोबर आणला.

आणखी एक गोष्ट त्यांनी आणली. सिंधीत चार आवाज असे आहेत की ते उच्चारताना हवा बाहेर सोडायची नाही, आत ओढायची. देवनागरीत ते खाली रेघ देऊन लिहितात, ॻ, ॼ, ॾ, ॿ. तुमच्या फोनवर ही अक्षरं दिसत असतील तर ती 2006 मध्ये युनिकोडमध्ये आली म्हणून. हटवाणिकेच्या घराण्यातली खुदाबादी लिपीही 2014 मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाली. वैद्यांनी जिच्यावर मेहनत घेतली तीच. म्हणजे आज ती फोनवर टाइप करता येईल. वाचणारं कोण, ते मात्र शोधावं लागेल.

माझी मैत्रीण ‘दादी’ म्हणत नाही, ‘ॾाॾी’ म्हणते. मी शंभरदा प्रयत्न केला, मला तो ‘ॾ’ जमला नाही. तिला तो लिहिता येत नाही, पण तोंडात पक्का बसलेला आहे. कुणी शिकवला म्हणून विचारलं तर म्हणाली, "शिकवला नाही गं कुणी. दादीला हाक मारायची होती ना!"

*

तर ती पोस्टकार्डं. फोनचा कॅमेरा लावून पाहिला. छापील सिंधी असती तर काही निघालं असतं, हातच्या अक्षरापुढे फोनने हात टेकले. ओळखीच्या एका निवृत्त सिंधी शिक्षकांचा शोध घेतला, ते मुलाकडे परदेशी गेलेले. शेवटी बाबांना आठवलं की खालच्या गाळ्यात जीन्स शिवणाऱ्यांकडे एक कटिंग मास्टर आहेत, ते उर्दू वाचतात. अक्षरं तर तीच.

मास्टर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वर आले. उत्तर प्रदेशातले, मदरशात शिकलेले. त्यांना सिंधीचा एक शब्द येत नव्हता. दादींना त्या लिपीतलं एक अक्षर येत नव्हतं. मग ठरलं असं की मास्टरांनी नुसते आवाज वाचायचे आणि दादींनी ऐकायचं.

सुरुवातीला काहीच जमेना. मास्टर प्रत्येक दुसऱ्या शब्दाला अडत. "अम्मा, ये चार नुक्तेवाला हर्फ हमारे यहाँ नहीं होता." दादी म्हणाल्या, "पुट, तू पढ़, जैसा आता है वैसा पढ़." ते चार टिंबांचं अक्षर म्हणजे ‘भ’ असणार, हे दोनचार चुकांनंतर दादींनीच ओळखलं, कारण मास्टर ‘बाउ’, ‘बाउ’ वाचत होते आणि दादी एकदम म्हणाल्या, "भाउ! भाउ लिहिलंय." सिंधीत भाऊ म्हणजे भाऊच. त्यानंतर गाडी रुळावर आली. मास्टर वाचायचे, दादी पुटपुटत दुरुस्त करायच्या आणि हिंदीत सांगायच्या, मैत्रीण ते वहीत रोमनमध्ये उतरवायची आणि मी माझ्यासाठी मराठीत. गाळ्यातून दोनदा हाक आली, मास्टर गेले नाहीत.

पत्रं पणजोबांच्या भावाची निघाली. तो कोल्हापूरजवळच्या वळिवडे कॅम्पात पडला होता, आजच्या गांधीनगरात. युद्धाच्या काळात तिथे पोलंडचे निर्वासित राहत होते, ते गेले आणि त्याच वसाहतीत सिंधी आले. पत्रांत मोठं काही नव्हतं. इकडे पाऊस फार आहे. कापडाचा धंदा सुरू करावा म्हणतो, तुझ्याकडे थोडे पैसे होतील का. इथले लोक तिखट फार खातात. वहिनीला पापड पाठवायला सांग, पण पोस्टाने नको, चुरा होतो. त्या पापडावर दादी इतक्या हसल्या की मास्टरांनाही हसू आलं.

एका कार्डावर मास्टर थांबले. तिथे ओलीने शाई फुटली होती. "अम्मा, यहाँ लिखा है, बार पहुतो या न?"

पोचला की नाही? दादींनी विचारलं, "बार की ॿार?" मास्टरांना दोन्हीत फरक ऐकू आला नाही, मलाही नाही. दादींनी पुन्हा सावकाश म्हणून दाखवलं, दुसऱ्या वेळी श्वास आत ओढला. सिंधीत ‘बार’ म्हणजे ओझं, सामान. ‘ॿार’ म्हणजे मूल. लिहिताना फरक फक्त टिंबांचा, एक टिंब की दोन. मास्टरांनी कार्ड खिडकीशी नेलं, उजेडात धरलं, मोबाइलचा टॉर्च लावला. खाली एक डाग होता. त्यात एक टिंबही मावलं असतं आणि दोनही.

वळिवड्याहून कल्याणला कुणी एखादं मूल पाठवलं होतं का? बाबांनी असं कधी ऐकलेलं नव्हतं. पणजोबांच्या भावाला मुलं किती होती, हेही त्यांना सांगता येईना.

"सामान असेल," दादी म्हणाल्या. "मूल असतं तर मला कुणीतरी सांगितलं असतं." मग थोडा वेळ त्या गप्प बसल्या. "माझ्या लग्नाच्या आधीचं आहे पण हे."

मास्टरांची सुट्टी कधीच संपली होती. ते उठायला लागले, तसा दादींनी त्यांचा हात धरला. "पुट, वो वाली लाइन एक बार और पढ़."